मोटारीच्या दारांतील कांच

इतिहास म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तहनामे आणि राजघराण्यांच्या वंशावळी उभ्या राहतात. ज्या वस्तूंवांचून आपला एक दिवसहि पार पडत नाहीं त्यांनाहि इतिहास असतो, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आणि वस्तु जितकी साधी तितकी ही विस्मृति अधिक गाढ. मोटारीच्या दारांतील कांच ही अशीच एक उपेक्षित वस्तु आहे. ती शाबूत असेपर्यंत आपण तिच्यांतून रस्ता पाहतों, तिला पाहत नाहीं. ती फुटली म्हणजे बैठकीवर पसरलेले तिचे दाणे झाडून काढणें, गॅरेजांत जाऊन नवी कांच बसवून घेणें आणि झालेल्या खर्चाबद्दल चार दिवस हळहळणें, एवढाच तिचा व आपला संबंध उरतो.

परंतु ते दाणे झाडतांना विचारी मनुष्याच्या मनांत एक प्रश्न यावयास हवा. घरांतील खिडकीचें तावदान फुटलें तर त्याच्या लांबट, सुरीसारख्या कपच्या होतात, आणि त्या जपून न उचलल्यास बोट कापल्याशिवाय राहत नाहीं. मोटारीच्या दाराची कांच फुटली तर मात्र खडीसाखरेच्या खड्यांसारखे बोथट दाणे होतात, आणि ते ओंजळींत धरले तरी फार तर एखादा ओरखडा उठतो. दोन्ही कांचा मुख्यतः वाळू, सोडा व चुना ह्यांच्याच. मग त्यांच्या फुटण्यांत हा भेद कां? ह्या प्रश्नाचें उत्तर साडेतीनशें वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासांत आहे, आणि तो आज आम्ही वाचकांपुढें थोडक्यांत मांडणार आहों. हा इतिहास कधींच न फुटणाऱ्या कांचेचा नाहीं. तशी कांच मनुष्याला साधलेली नाहीं. चांगल्या रीतीनें फुटावयास शिकविलेल्या कांचेचा हा इतिहास आहे.

आरंभीं कांचेचा मूळ स्वभाव ध्यानांत घेतला पाहिजे. ताण पडला म्हणजे लोखंड किंवा तांबें आधीं वांकतें, लांबतें, आणि मग तुटतें. कांचेस ही सवड नाहीं. मोडेन पण वांकणार नाहीं, हा बाणा मनुष्यांपेक्षां कांचेनेंच अधिक कसोशीनें पाळला आहे. ह्याचें कारण ए. ए. ग्रिफिथ ह्या इंग्रज संशोधकानें १९२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या निबंधांत दाखवून दिलें. कांचेच्या कणांची परस्परांवरील पकड पाहतां ती पुष्कळच बळकट असावयास हवी. पण प्रत्यक्षांत ती त्या मानानें फारच थोड्या ताणानें तुटते. कारण तिच्यांत, विशेषतः तिच्या पृष्ठभागावर, डोळ्यांस न दिसणाऱ्या अतिसूक्ष्म चिरा असतात, आणि पडलेला सर्व ताण त्या चिरांच्या टोंकाशीं एकवटतो. कांच ओढली गेली कीं चीर उघडते. कांच दाबली गेली कीं चीर मिटते. एवढें एक सूत्र वाचकांनीं लक्षांत ठेवलें म्हणजे पुढील सर्व कथा सुगम होईल.

ह्या सूत्राचा प्रत्यय, ज्या काळीं घरोघर कंदील होते त्या काळीं, लहान मुलांनाहि येत असे. पेटलेल्या कंदिलाच्या तापलेल्या चिमणीवर पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकन् फुटे. थेंब पडलेला भाग एकदम निवून आकसूं पाहतो, भोंवतालची तापलेली कांच त्यास आकसूं देत नाहीं, आणि ह्या ओढाताणींत चीर उघडते. म्हणून कांचेच्या कारखान्यांत नवीन घडविलेली वस्तु उघड्यावर निवूं देत नाहींत. ती दुसऱ्या मंद भट्टींत ठेवून तासन् तास हळूहळू निववितात, कीं जेणेंकरून तिच्या पोटांत कोठेंहि ताण शिल्लक राहूं नये. स्वदेशीच्या काळांत पैसा फंडाच्या वर्गणींतून १९०८ सालीं तळेगांव येथें निघालेला कांचेचा कारखाना, किंवा १९१६ सालीं स्थापन होऊन पुढें कऱ्हाडजवळ ओगलेवाडीस प्रभाकर कंदिलांनीं नांवारूपास आलेला ओगले बंधूंचा कारखाना, ह्यांनाहि कांचकामाचा हा पहिला धडा गिरवावाच लागला. एकदम निवणें हें कांचेचें मरण, असा जगांतील सर्व कांचकारांचा सिद्धांत होता.

पण ह्या मरणांतच कांचेचें नवें बळ दडलेलें आहे, ह्याची पहिली चुणूक एका राजपुत्राच्या खेळण्यानें दाखविली. १६६० सालीं प्रिन्स रूपर्ट ह्यानें जर्मनीकडून कांचेचे कांहीं अश्रुबिंदूसारखे थेंब इंग्लंडांत आणून आपला मामेभाऊ दुसरा चार्लस ह्यास दाखविले. हा रूपर्ट म्हणजे इंग्लंडच्या यादवी युद्धांत राजपक्षाच्या घोडदळाचें आधिपत्य करणारा प्रसिद्ध सेनानी होय. राजानें १६६१ सालीं हे थेंब नुकत्याच स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीकडे परीक्षेसाठीं पाठविले. त्यांचा चमत्कार असा कीं, थेंबाच्या फुगीर डोक्यावर हातोडा मारला तरी तें फुटत नसे. पण त्याची बारीक शेपटी नुसती चिमटींत मोडली कीं सबंध थेंबाचें क्षणांत पीठ होऊन उडे. रॉबर्ट हूक ह्यानें १६६५ सालच्या आपल्या सूक्ष्मदर्शनावरील ग्रंथांत ह्या थेंबांचें विवेचन केलें आहे.

वितळलेल्या कांचेचा थेंब थंड पाण्यांत पडला कीं त्याची बाहेरची साल तत्काळ घट्ट होते. आंतला गाभा मात्र मागाहून निवतो. निवतांना तो आकसूं लागतो आणि घट्ट झालेल्या सालीस आंत ओढतो. परिणामीं गाभ्यांत कायमचा ताण व सालींत कायमचा दाब कोंडला जातो. सालींतील चिरा दाबामुळें मिटलेल्या असतात, म्हणून हातोड्याचें चालत नाहीं. शेपटी मोडली कीं चीर दाबाचें कुंपण ओलांडून ताणाच्या मुलखांत शिरते, आणि मग तिला थांबविणारें कोणीच नसतें. १९९४ सालीं चंद्रशेखर व चौधरी ह्या, अनुक्रमें अमेरिकेंत व केंब्रिज येथें काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनीं अतिवेगवान् छायाचित्रणानें ही चीर सेकंदास सुमारें १४५० ते १९०० मीटर वेगानें धांवते असें मोजून दाखविलें. म्हणजे ताशीं पांच हजार किलोमीटरांहून अधिक! राजदरबारच्या करमणुकीच्या ह्या खेळण्यांत आजच्या मोटारीच्या दाराच्या कांचेचें सर्व मर्म साठविलेलें होतें. तें व्यवहारांत उतरावयास मात्र दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

१८७४ सालीं फ्रान्समध्यें रॉयर द ला बास्ती ह्यानें तें उतरविण्याचा यत्न केला. कांच जवळजवळ मऊ होईपर्यंत तापवावी आणि मग ऊन तेलाच्या किंवा चरबीच्या कढईंत बुडवावी, अशी त्याची रीत होती. आमचा लोहार कोयत्यास पाणी देतो त्यांतलाच हा प्रकार. अशी पाणी दिलेली कांच जमिनीवर पडली तरी सहसा फुटत नसे, व त्यामुळें तिचा प्रारंभीं मोठा बोलबाला झाला. त्याच दशकांत ड्रेस्डेन येथील फ्रीड्रिख सीमेन्स ह्यानें तेलाऐवजीं तापलेली कांच थंड सांच्यांत दाबण्याची युक्ति काढली. पण ला बास्तीच्या पेल्यांस एक खोड होती. कित्येकदां ते कोणी हात न लावतां आपोआपच फुटून जात. जेवणाच्या मेजावर असा पेला कोण मांडणार? शिवाय ह्या कांचेची ज्यावांचून अडेल अशी निकड अद्याप कोणास भासली नव्हती. ती निकड निर्माण केली मोटारीनें.

मोटार प्रथम आली ती घोडागाडीचा घोडा सोडून. तिला छप्पर असलें तर तें कापडी, दारें असलीं तर तीं अर्धी, आणि पाऊस आला तर बाजूंस पडदे बांधावयाचे. बंद गाडी हा श्रीमंतांचा थाट होता, आणि तिच्या खिडकीची रचना जुन्या सारोटांवरून व आगगाडीच्या डब्यांवरून उचललेली होती. तावदान दाराच्या पोकळींत खालीं सोडावयाचें व भोंकें पाडलेल्या चामडी पट्ट्यानें वर ओढून खुंटीस अडकवावयाचें. पुढें पट्टा जाऊन दांतेरी चाकांचें यंत्र व तें फिरविण्याची मूठ आली. अमेरिकेंत १९१९ सालीं विकल्या जाणाऱ्या मोटारींपैकीं सुमारें नऊ-दशांश उघड्या होत्या; दहा वर्षांच्या आंत हें प्रमाण नेमकें उलटें झालें. बंद गाडी स्वस्त झाली, आणि सामान्य कुटुंबवत्सल मनुष्य बायकामुलांसह चारी बाजूंनीं कांच असलेल्या पेटींत बसून वेगानें प्रवास करूं लागला.

ही कांच कोणती होती? घराच्या खिडकीस किंवा दुकानाच्या दर्शनी भागास जी असे तीच. तिच्या गुणांपैकीं एक गुण मात्र आजच्या वाहनमालकास हेवा वाटण्यासारखा होता. दाराची कांच सपाट असल्यामुळें ती फुटली तर कोणताहि कांच कापणारा कागदाचा नमुना घेई, हिऱ्याच्या लेखणीनें तेवढी कांच कापी, कडा घांशी, आणि गाडी मार्गस्थ होई. पण जी कांच अशी सहज कापली जात असे तीच अपघातांत तितक्याच सहज माणसांस कापीत असे. लहानशी टक्कर झाली, ज्यांत हाडहि मोडूं नये, अशा प्रसंगींसुद्धां चेहरा, डोळे व मानेच्या शिरा ह्यांवर कांचेच्या कपच्यांचे भयंकर घाव होत. सुलभ दुरुस्ती व धोका हीं दोन्हीं एकाच गुणाचीं फळें होतीं, हें येथें विशेष लक्षांत घेण्यासारखें आहे.

ह्या संकटावर पहिला उपाय निघाला तो दाब व ताण ह्यांच्या वाटेनें नव्हे, निराळ्याच वाटेनें. एदुआर बेनेदिक्त्यूस हा फ्रेंच गृहस्थ चित्रकारहि होता व रसायनज्ञहि होता. १९०३ सालीं त्याच्या प्रयोगशाळेंतील कांचेची एक चंबू उंचावरून पडली. ती तडकली, पण तिचे तुकडे मात्र विखुरले नाहींत, अशी हकीकत सांगतात. चंबूंत पूर्वीं सेल्युलोजाचा एक द्राव होता. तो आटून त्याचा पातळ पापुद्रा आंतून चिकटला होता, आणि त्यानें सर्व तुकडे धरून ठेवले होते. दोन कांचांच्या मध्यें असा पापुद्रा घालून केलेल्या कांचेचें एकस्व त्यानें १९०९ सालीं मागितलें व तिचें नांव ठेविलें ट्रिप्लेक्स. आजच्या भाषेंत हिलाच लॅमिनेटेड कांच म्हणतात. पहिल्या महायुद्धांत विषारी वायूपासून बचाव करणाऱ्या मुखवट्यांच्या डोळ्यांसाठीं तिचा उपयोग झाला. आणि १९२७ सालच्या अखेरीस बाजारांत आलेल्या फोर्डच्या मॉडेल ए ह्या सामान्यांच्या गाडींत समोरची कांच ह्या जातीची घालण्यांत आली. आरंभींचा पापुद्रा उन्हानें पिवळा पडे. १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नवीन कृत्रिम राळेचा पडदा आल्यावर हा दोष गेला.

येथेंच इतिहासांत एक खटला उभा राहतो, आणि तो आम्हांस सर्व यंत्रांपेक्षां अधिक बोधप्रद वाटतो. १९३० सालीं अमेरिकेच्या वॉशिंग्टन संस्थानांत एका गृहस्थानें मॉडेल ए गाडी दुकानदाराकडून विकत घेतली. कंपनीच्या माहितीपत्रकांत, कितीहि जोराचा आघात झाला तरी समोरच्या कांचेचे तुकडे उडणार नाहींत, अशा आशयाचें आश्वासन होतें. त्याच वर्षीं ऑक्टोबर महिन्यांत हे गृहस्थ डोंगरांतील खिंडींतून जात असतां जवळून जाणाऱ्या मोटारीमुळें उडालेला एक खडा कांचेवर आदळला, कांचेचा कण डोळ्यांत शिरला आणि त्यांचा डावा डोळा कायमचा गेला. कारखानदाराचें म्हणणें असें कीं, गाडी विकली दुकानदारानें, आमचा व ग्राहकाचा करार नाहीं. १९३२ सालीं त्या संस्थानच्या सर्वोच्च न्यायालयानें हें म्हणणें मान्य केलें नाहीं. कांच खरोखर सांगितल्याप्रमाणें आहे कीं नाहीं, हें सामान्य मनुष्यास नुसत्या पाहण्यानें कळण्यासारखें नसतें. म्हणून ज्यानें शब्द दिला त्यानेंच त्या शब्दाचें ओझें वाहिलें पाहिजे, असें त्या निकालाचें सार आहे. ग्राहकांच्या हक्कांच्या इतिहासांत ह्या निकालास मानाचें स्थान आहे. कांचेच्या इतिहासांत तर त्याचें महत्त्व ह्याहूनहि अधिक आहे. जी वस्तु सर्वांत पारदर्शक, तिच्याच अंगचा खरा गुण डोळ्यांस दिसत नाहीं, हें सत्य त्यानें उघड केलें.

दाराच्या कांचेचा प्रश्न मात्र अद्याप शिल्लक होता. लॅमिनेटेड कांच महाग, जाड, आणि वर-खालीं होणाऱ्या दारांतील कांचेस तिच्या उघड्या कडा जपणें कठीण. येथें रूपर्टच्या थेंबांचें भाग्य उजळलें. १९३० नंतरच्या दशकांत फ्रान्स, इंग्लंड व इतर देशांतील मोठ्या कांच कारखान्यांनीं तेलाची कढई टाकून वाऱ्याचा आश्रय केला. कांच आधीं नेमक्या आकारांत कापावयाची, कडा घांसून गुळगुळीत करावयाच्या, लागतील तीं भोंकें पाडून घ्यावयाचीं, मग ती सुमारें सवासहाशें अंशांपर्यंत तापवावयाची, आणि दोन्ही बाजूंनीं असंख्य नळ्यांतून थंड हवेचे झोत सोडून कांहीं सेकंदांत निववावयाची. साल आधीं घट्ट, गाभा मागाहून. सालींत दाब, गाभ्यांत ताण. तेंच जुनें सूत्र, पण आतां सबंध तावदानभर सारख्या मापानें. अशी कांच साध्या कांचेच्या सुमारें चौपट बळकट होते. आणि एवढें करूनहि ती फुटलीच, तर गाभ्यांत कोंडलेला ताण चिरेला इतक्या फांट्यांत फोडतो कीं सबंध कांचेचे बारीक दाणे होतात. मोडेन पण वांकणार नाहीं, हा कांचेचा बाणा कोणासच बदलतां आला नाहीं. पण मोडेन, तरी कोणास कापणार नाहीं, एवढा विवेक तिला शिकवितां आला. आमच्या मतें कांचेच्या साऱ्या कथेचें सार ह्या एका वाक्यांत आहे.

अशा रीतीनें मोटारीच्या कांचांत श्रमविभाग झाला. समोरची कांच तडकली तरी जागेवर राहावी, चालकाची दृष्टि एकदम जाऊं नये, व आंतला मनुष्य बाहेर फेंकला जाऊं नये, म्हणून ती लॅमिनेटेड. दाराची कांच स्वस्त, हलकी, आणि प्रसंगीं फोडून बाहेर पडतां यावी अशी, म्हणून ती पाणी दिलेली, म्हणजे गॅरेजांतील बोलींत टफन्ड. पुढें १९५९ सालीं इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथिलावर कांच तरंगवून ती दोन्ही बाजूंनीं सपाट करण्याची कृति जाहीर केली, आणि घांसून सफाई आणण्याचा मोठा खर्च वांचला. १९५७ सालच्या इंपीरियल ह्या अमेरिकन गाडीपासून दारांच्या कांचांना बांकहि येऊं लागला. ह्या सुधारणांनीं कांच उत्तम झाली, पण ती बदलण्याच्या कामाचें स्वरूप पार पालटलें.

कारण पाणी दिलेली कांच मागाहून कापतां येत नाहीं. तिच्यावर हिरा चालविला व चीर आंतपर्यंत पोंचविली कीं ती एकदम दाण्यांची रास होते. तेव्हां कागदाचा नमुना घेऊन तासाभरांत तावदान कापून देणारा जुना कारागीर ह्या कामांतून कायमचा बाद झाला. आतां प्रत्येक गाडीच्या प्रत्येक दाराची कांच कारखान्यांतच त्या मापाची, त्या बांकाची व त्या भोंकांची घडवावी लागते; गॅरेजांतील कारागीर ती फक्त बसवितो. पण बसविणें हेंहि वाटतें तितकें सोपें नाहीं. दाराच्या आंतील आच्छादन काढावें लागतें, त्याच्या मागील ओल अडविणारा पडदा न फाडतां सोडवावा लागतो, कांच वर-खालीं करणाऱ्या यंत्राची पकड मोकळी करावी लागते. मग दाराच्या पोटांत पडलेले जुन्या कांचेचे दाणे एकूण एक वेंचावे लागतात. ह्या कामांत आळस करण्याचा मोह फार होतो, कारण आच्छादन पुनः लावलें कीं आंतला केर कोणास दिसत नाहीं. परंतु दाराच्या तळाशीं पावसाचें पाणी निघून जाण्यासाठीं लहान भोंकें असतात. दाण्यांनीं तीं बुजलीं कीं पाणी सांचतें आणि दार आंतून गंजूं लागतें. रबरी पन्हळींत एखादा दाणा राहिला तर नव्या कांचेवर पहिल्याच दिवशीं ओरखडा उठतो. शेवटीं कांच सरळ बसली कीं नाहीं हें ती दोन-चारदां वर-खालीं करून पाहावें, आणि मगच आच्छादन लावावें.

ह्या सर्वांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे कांच कोणती बसविली गेली ही होय. येथें त्या १९३२ सालच्या निकालाची आठवण ठेविली पाहिजे. साधी कांच व पाणी दिलेली कांच शेजारीं ठेविल्या तर नुसत्या डोळ्यांस दोन्हीं सारख्याच. कांचेंतील ताण प्रकाशाच्या विशिष्ट गुणामुळें रंगांच्या रूपानें पाहतां येतो, हा शोध सर डेव्हिड ब्रूस्टर ह्यानें एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत लावला होता. आणि आजहि विशिष्ट प्रकारचा उन्हाचा चष्मा लावून पाहिलें असतां मोटारीच्या कांचेवर, जेथें वाऱ्याचे झोत पडले होते तेथें, कधींकधीं ठिपक्यांची नक्षी दिसते. पण प्रत्येक ग्राहकानें असा शोधकपणा करावा ही अपेक्षा अवाजवी होय. म्हणून कांचेच्या कोंपऱ्यांत निर्मात्याचें व मानकाचें चिन्ह उमटविण्याचा प्रघात पडला. तें चिन्ह म्हणजे कांचेनें दिलेला शब्द. हा शब्द कसोटीस कसा लावतात हेंहि पाहण्यासारखें आहे. यूरोपांत प्रचलित असलेल्या नियमाप्रमाणें नमुन्याची कांच मुद्दाम फोडतात, आणि ५ सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद चौकोनांत किती दाणे पडले ते मोजतात. ते ४० हून कमी भरले तर कांच नापास. एखादी वस्तु कशी टिकते ह्यापेक्षां ती कशी नाश पावते ह्यावरून तिची परीक्षा व्हावी, असें उदाहरण विरळाच! आपल्या देशांतहि केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९, ह्यांतील १०० व्या नियमानें खिडक्यांस सुरक्षित कांच आवश्यक ठरविली, व समोरच्या आणि मागच्या कांचेंतून शेंकडा ७०, तर बाजूच्या कांचांतून शेंकडा ५० प्रकाश आरपार गेला पाहिजे असें बंधन घातलें. म्हणून नवी कांच बसवून घेतांना पावतीच्या आंकड्याकडे पाहण्यापूर्वीं प्रत्येकानें कांचेच्या कोंपऱ्याकडे पाहावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. चिन्ह नसलेली कांच कितीहि स्वस्त मिळाली तरी ती स्वस्त नव्हे; तिची खरी किंमत अपघाताच्या दिवशीं वसूल होते, आणि बहुधा ती खिडकीशेजारीं बसलेल्या मुलाकडून वसूल होते.

हा इतिहास येथें संपला असें मात्र नाहीं. गाडी उलटली असतां दाराच्या कांचेचे दाणे होऊन जातात, वाट मोकळी होते, आणि आंतील मनुष्य तिच्यांतून बाहेर फेंकला जाऊन प्राणास मुकतो, असें पुष्कळ अपघातांत आढळून आलें. अमेरिकन सरकारनें २०११ सालीं असें फेंकलें जाणें रोखण्याविषयीं नियम केला, आणि कित्येक गाड्यांच्या दारांतहि लॅमिनेटेड कांच येऊं लागली. पण त्याबरोबर उलट अडचण उभी राहिली. गाडी पाण्यांत पडली किंवा तिला आग लागली, तर टोंकदार हातोडीनें दाराची कांच फोडून बाहेर पडावयाचें, हा उपाय पाणी दिलेल्या कांचेस लागू पडतो. २०१९ सालीं अमेरिकेंतील मोटारमालकांच्या संघानें अशा सहा हत्यारांची परीक्षा केली, तेव्हां चारांनीं पाणी दिलेली कांच फोडली. लॅमिनेटेड कांच मात्र एकासहि फोडतां आली नाहीं. तीच कांच एका संकटांत आंत धरून ठेवणारी रक्षक व दुसऱ्या संकटांत बाहेर जाऊं न देणारी कैदखान्याची भिंत! ह्या दोन कर्तव्यांचा मेळ अद्याप पुरतेपणीं बसलेला नाहीं. तोंपर्यंत आपल्या गाडीच्या दारांत कोणती कांच आहे हें तिच्या कोंपऱ्यांतील चिन्हावरून अगोदरच जाणून ठेवणें, हें प्रत्येक कुटुंबप्रमुखाचें कर्तव्य होय. संकटाच्या क्षणीं तें वाचावयास सवड मिळत नाहीं.

आम्हां महाराष्ट्रीयांस ह्या कथेचें आणखी एक कौतुक आहे. ज्या तळेगांवांत पैशापैशाच्या वर्गणींतून कांच हळूहळू निवविण्याची विद्या रुजविली गेली, त्याच्याच शेजारच्या चाकणच्या औद्योगिक वसाहतींत आज मोटारींच्या सुरक्षित कांचा तयार होतात. मध्यें एक शतक गेलें. पहिल्या पिढीस कांच फुटूं नये एवढीच आकांक्षा होती, आणि ती त्या काळीं थोडकी नव्हती. कांच फुटणारच, असें मान्य करून तिच्या फुटण्यासहि वळण लावणें, ही त्यापुढची पायरी. आपणहि आपल्या संसारांत, संस्थांत व कायद्यांत, कधींच न मोडणारी व्यवस्था शोधण्यांत पुष्कळ आयुष्य घालवितों. मोडण्याची वेळ आलीच तर तिच्या कपच्या कोणाच्या अंगांत शिरतील, हा विचार ज्यानें अगोदर केला त्याच्या शहाणपणाची बरोबरी त्या शोधास येणार नाहीं.